रूथ मवाबी होती, मग एज्राने परक्या बायका का सोडायला लावल्या?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. माझा प्रश्न इब्री धर्मग्रंथांविषयी आहे. ख्रिस्ती मंडळी ज्याला जुना करार म्हणतात आणि यहुदी ज्याला तनाख म्हणतात, तो ग्रंथ मला अभिप्रेत आहे. मी निवृत्त शिक्षिका आहे, आणि या ग्रंथाशी माझा परिचय गेल्या दोन महिन्यांतलाच आहे.

निमित्त घरचेच आहे. माझ्या भाच्याचे मिरजेच्या एका ख्रिस्ती मुलीशी लग्न ठरू घातले आहे. बोलणी चालू असताना मुलीच्या चुलत्यांनी सांगितले की, त्यांच्या शास्त्रात परक्यांशी सोयरीक करायला मनाई आहे आणि एज्रा नावाच्या प्राचीन यहुदी याजकाने तर झालेली लग्नेसुद्धा मोडायला लावली होती. हे वाक्य सर्वांत आनंदाने कोणी उचलले असेल, तर ते आमच्याच बाजूच्या एका वडीलधाऱ्यांनी. एरवी ते त्या शास्त्राचे पान उघडणार नाहीत, पण त्या दिवशी "त्यांच्या ग्रंथातच बंदी आहे, तर आपण कशाला पुढे व्हायचे?" असे म्हणून मोकळे झाले.

म्हणून मी मराठी पवित्र शास्त्र मिळवून स्वतः वाचायला घेतले. एज्राच्या दहाव्या अध्यायात चुलते म्हणाले तसे खरोखरच आहे. पण त्याच ग्रंथात रूथची कथा आहे. ही मवाबी, म्हणजे शेजारच्या मवाब देशातली, स्त्री बेथलेहेमात सून म्हणून राहते आणि दावीद राजा तिचा पणतू निघतो. 'अनुवाद' या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात तर मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही असे स्पष्ट लिहिले आहे, आणि रूथपासून दावीदापर्यंत चार पिढ्याही होत नाहीत. मग मनाई नेमकी कशाला आहे? परधर्माला, परक्या रक्ताला, की काही ठरावीक शेजाऱ्यांना? जाणकारांनी कृपया सांगावे. लग्न करावे की करू नये यावरचा सल्ला मला नको आहे, तो घरात पुरेसा मिळतो आहे.

मिरजेचा वाचक

ताई, मी जन्माने ख्रिस्ती असून हा ग्रंथ लहानपणापासून ऐकत आलो आहे, त्यामुळे चुलत्यांचे म्हणणे कोठून येते ते मला समजते. तरीही सुरुवात एज्रापासून न करता अब्राहामापासून करावी असे सुचवतो.

उत्पत्तीच्या 24 व्या अध्यायात अब्राहाम आपल्या कारभाऱ्याला आपल्या मांडीखाली हात ठेवायला लावून शपथ घ्यायला लावतो की, माझा मुलगा इसहाक याच्यासाठी कनानी मुलगी आणू नकोस, माझ्या गणगोतात जा. वरवर पाहता हे धर्मरक्षण वाटते. पण ज्या नातेवाइकांकडे तो माणूस पाठवतो आहे, ते तरी कोणत्या देवाचे होते? यहोशवाच्या 24 व्या अध्यायात अब्राहामाचा बाप तेरह महानदीपलीकडे अन्य देवांची सेवा करत होता असे नोंदवले आहे, आणि पुढे त्याच भावकीतल्या लाबानाच्या घरातून त्याची मुलगी राहेल गृहदेवतांच्या मूर्ती चोरून उंटाच्या खोगिरात लपवते. म्हणजे सून मूर्तिपूजकाच्या घरातूनच आली, फक्त ते घर भावकीतले होते. इसहाकाचा मुलगा याकोब याने तर मामाच्याच, म्हणजे या लाबानाच्याच, दोन मुली केल्या. आपल्या सातारा-सांगली भागात मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्यांना हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. चिंता कुळाची, जमिनीची आणि नात्याची आहे, उपासनेची नव्हे. याकोबाचा भाऊ एसाव याने दोन हित्ती बायका केल्यावर इसहाक आणि रिबका कष्टी झाली एवढेच ग्रंथ सांगतो. त्या बायका कोणाची पूजा करत होत्या, याबद्दल एक शब्द नाही.

यानंतर याकोबाचा मुलगा योसेफ पाहा. फारोने, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाने, त्याला ओन नगराच्या पुरोहिताची मुलगी आसनथ दिली. मिसरी पुरोहिताची मुलगी म्हणजे आजच्या भाषेत सर्वांत परधर्मी घराणे. तिच्या पोटी एफ्राईम आणि मनश्शे झाले, इस्राएलाच्या वंशांत त्या दोघांची गणना झाली, आणि ग्रंथकाराने या लग्नाला नावे ठेवलेली नाहीत. मोशेची बायको सिप्पोरा मिद्यानी पुरोहिताची मुलगी होती. गणनेच्या 12 व्या अध्यायात बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन मोशेच्या कुशी बायकोवरून कुरकुर करतात, तेव्हा कोड फुटते ते मिर्यामेच्या अंगावर, आणि सात दिवस छावणीबाहेर तीच राहते. लग्न करणाऱ्या मोशेला काहीही होत नाही.

स्पष्ट मनाई येते ती अनुवादाच्या सातव्या अध्यायात. हित्ती, गिर्गाशी, अमोरी, कनानी, परिज्जी, हिव्वी आणि यबूसी अशी सात राष्ट्रे मोजून सांगितली आहेत. त्यांना मुली देऊ नका आणि त्यांच्या मुली घेऊ नका, म्हणजे आपल्याकडच्या शब्दांत बेटीव्यवहार बंद. कारणही लगेच दिले आहे: ते तुझ्या मुलाला माझ्यापासून फिरवतील आणि अन्य देवांची सेवा करायला लावतील. इथे उपासना हे कारण म्हणून स्पष्टपणे पुढे येते. पण यादी सातांची आहे, सगळ्या जगाची नाही. गमतीचा भाग असा की, त्याच परिच्छेदात या सात राष्ट्रांचा समूळ नाश करा अशीही आज्ञा आहे. ज्यांना शिल्लकच ठेवायचे नाही, त्यांच्याशी सोयरीक करू नका असे सांगण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न मी लहानपणी शब्बाथशाळेत विचारला होता आणि मला खाली बसायला सांगण्यात आले होते.

वाईकर

वरील प्रतिसाद उत्तम आहे. वाईत राहणाऱ्या माणसाला कोशांची संगत टळत नाही, म्हणून मी आधी शब्दांविषयी लिहितो आणि मग एज्राकडे वळतो.

'आंतरधर्मीय विवाह' हा प्रश्न या ग्रंथाच्या भाषेत जसाच्या तसा विचारता येत नाही, कारण आपण ज्या अर्थाने आज 'धर्म' म्हणतो त्यासाठी प्राचीन इब्रीत स्वतंत्र शब्द नाही. आधुनिक इब्रीत धर्माला 'दात' म्हणतात, पण तो फारसीतून आलेला शब्द असून एस्तेर आणि एज्रा या पुस्तकांत त्याचा अर्थ राजाज्ञा किंवा कायदा असा आहे. एज्राच्या पुस्तकात ज्या बायकांविषयी वाद आहे त्यांना 'नाशीम नोखरियोत' म्हटले आहे, म्हणजे परक्या बायका. 'नोखरी' म्हणजे परदेशातला, परक्या लोकांतला. त्याच्या शेजारी 'गेर' असा दुसरा शब्द आहे: आपल्यात येऊन वस्ती केलेला उपरा. अशा उपऱ्यावर प्रेम करा, कारण तुम्हीही मिसर देशात उपरेच होता, असे अनुवाद सांगतो. हा भेद मराठीत 'परका' या एकाच शब्दात बुडून जातो, आणि मग वाचणाऱ्याला सगळीकडे परधर्मी दिसू लागतो.

आता एज्रा. तो बाबेलहून यरुशलेमेस आला ते आर्तहशश्त या पारशी (इराणी) राजाच्या सातव्या वर्षी, म्हणजे परंपरागत गणनेने इ.स.पू. 458 मध्ये. मंदिर पुन्हा उभे राहून अर्धे शतक उलटून गेले होते, पण राज्य स्वतःचे नव्हते. पारशी साम्राज्याचा तो एक लहानसा प्रांत होता, हद्दीवर शोमरोनी, अम्मोनी, अश्दोदी असे बलिष्ठ शेजारी होते, आणि बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक व मागे राहिलेले लोक यांत खरा इस्राएल कोण, हा वाद धुमसत होता. अशा वेळी सरदार येऊन एज्राला सांगतात की, लोकांनी आणि याजकांनीही परक्या मुली केल्या आहेत. एज्रा वस्त्रे फाडतो, डोक्याचे आणि दाढीचे केस उपटतो आणि संध्याकाळच्या अर्पणापर्यंत सुन्न बसून राहतो.

ताई, नवव्या अध्यायातील राष्ट्रांची यादी शांतपणे पाहावी. कनानी, हित्ती, परिज्जी, यबूसी, अम्मोनी, मवाबी, मिसरी आणि अमोरी अशी ही आठ नावे आहेत. यांपैकी पाच अनुवादाच्या सातव्या अध्यायातून आली आहेत. अम्मोनी आणि मवाबी आले आहेत ते तुम्ही उल्लेखिलेल्या 23 व्या अध्यायातून, जिथे विषय मंडळीतील प्रवेशाचा आहे, लग्नाचा शब्दही नाही. मिसरी माणसाला तर त्याच 23 व्या अध्यायात तिसऱ्या पिढीला प्रवेश दिला आहे, तरी तो इथे बंदीच्या यादीत येतो. म्हणजे दोन वेगळे नियम एकत्र शिवून एक मोठा नियम तयार केला गेला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारण बदलले आहे. अनुवादात भीती होती की मुलगा अन्य देवांकडे फिरेल. एज्राच्या पुस्तकात परक्यांच्या अमंगळ कृत्यांचा उल्लेख येतोच, पण त्याच्या जोडीला 'पवित्र बीज' इतर लोकांत मिसळले अशी तक्रार येते. बीज म्हटले की प्रश्न श्रद्धेचा राहत नाही. श्रद्धा बदलता येते, बीज बदलता येत नाही. म्हणूनच त्या बायकांपैकी एकीलाही, 'तू कोणाची उपासना करतेस, तू आमचा देव स्वीकारशील का?' असे कोणी विचारल्याची नोंद नाही.

पुढचा प्रसंग विलक्षण आहे. तीन दिवसांत जो येणार नाही त्याची मालमत्ता जप्त होईल अशी दवंडी पिटली जाते. नवव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी सगळे पुरुष मंदिरासमोरच्या चौकात जमतात आणि त्या प्रकरणाच्या धास्तीने व मुसळधार पावसाने थरथरत बसतात. मग लोकच म्हणतात की हे एकदोन दिवसांचे काम नव्हे, पाऊस फार आहे, बाहेर उभे राहवत नाही. चौकशी दहाव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होऊन पुढच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी संपते, आणि शंभराहून अधिक पुरुषांची नावे यादीत येतात, त्यांत याजक सर्वांत वर. बायकांपैकी एकीचेही नाव दिलेले नाही. अध्यायाचे शेवटचे वाक्य इब्रीत इतके संदिग्ध आहे की, काहींच्या बायकांना मुले होती एवढेच त्यातून नक्की कळते. त्यांना प्रत्यक्ष घालवून दिले, असे स्पष्ट वाक्य ग्रीकमधल्या समांतर ग्रंथात सापडते, इब्रीत नाही.

मालमत्तेची धमकी मला निव्वळ दंड वाटत नाही. मंडळीचे सदस्यत्व आणि वतनावरचा हक्क त्या काळात एकमेकांत गुंतलेले होते, आणि परक्या घरातून आलेली सून म्हणजे जमिनीला लागलेली नवी वाट, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. हे मत सिद्ध झाले आहे असे मी म्हणत नाही, पण ज्या जिल्ह्यात बांधाच्या दाव्यांवर पिढ्या गेल्या तिथल्या माणसाला ते पटायला जड जाऊ नये.

पारशी राजाने नेमलेला प्रांताधिकारी नहेम्या थोड्याच काळाने येतो, आणि त्याची तक्रार तिसरीच आहे. अश्दोदी, अम्मोनी, मवाबी बायकांच्या मुलांपैकी निम्म्यांना यहुदी भाषा बोलता येत नव्हती. तो त्या बापांना शिव्याशाप देतो, काहींना मारतो, काहींचे केस उपटतो, शलमोनाचे उदाहरण देतो आणि यापुढे असे करणार नाही अशी शपथ घ्यायला लावतो. झालेली लग्ने मोडा असे मात्र तो सांगत नाही. महायाजकाच्या घरातला एक नातू शोमरोनचा अधिकारी आणि नहेम्याचा विरोधक सन्बल्लट याचा जावई होता, त्याला तो हाकलून देतो, आणि त्या हाकलण्यात राजकारण किती व धर्म किती हे वाचकाने ठरवावे.

माणगंगा (आटपाडी)

दोन्ही विद्वानांना आदरपूर्वक सांगावेसे वाटते की आपण ग्रंथ जरा जास्तच मवाळ करून दाखवत आहात. गणनेच्या 25 व्या अध्यायात फिनहास नावाचा याजक जिम्री हा इस्राएली पुरुष आणि कजबी ही मिद्यानी स्त्री या दोघांना एकाच भाल्याने भोसकतो, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही. त्याच्या वंशाला कायमचे याजकपद मिळते. त्या प्रसंगीच्या मरीत 24,000 माणसे मेल्याचे लिहिले आहे. याच मिद्यानातून मोशेची बायको आली होती, तरीही! शलमोनाच्या 700 राण्या आणि 300 उपपत्नी यांनी त्याचे मन अष्टोरेथ, मिलकोम आणि कमोश या परक्या देवतांकडे वळवले, आणि राज्य फुटले त्याचे कारण ग्रंथकाराने तेच दिले आहे. अहाब राजाने सीदोनी ईजबेल केली आणि पुढे संदेष्ट्यांच्या कत्तलीपर्यंत गोष्ट गेली. हे सगळे एज्राच्या आधीचे प्रसंग आहेत. भीती नंतर कोणीतरी शिवली असे म्हणणे मला पटत नाही. ती मुळातच होती.

दुसरे म्हणजे, एज्राच्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, देशातल्या राष्ट्रांच्या अशुद्धतेपासून स्वतःला वेगळे करून जे आले त्यांनीही वल्हांडण सण केला असे वाक्य आहे. म्हणजे दार अगदीच बंद नव्हते. वाईकरांनी हे वाक्य का सोडले?

वाईकर

सोडले नाही, राहून गेले. आपली हरकत रास्त आहे. सहाव्या आणि दहाव्या अध्यायांत मला मेळ दिसत नाही, आणि तो जबरदस्तीने घालू नये असे मला वाटते.

फिनहासाच्या प्रसंगाबद्दल एवढेच म्हणतो की, तिथे आधी बआल-पौराची पूजा आहे, त्या पूजेच्या मेजवानीला नेणाऱ्या मवाबी मुली आहेत, आणि मग कजबी आहे. तो प्रसंग सोयरिकीपेक्षा देवद्रोहाचा म्हणून सांगितला गेला आहे.

प्रीतिसंगम (कराड)

मला रूथविषयी आणि दहाव्या पिढीच्या अडचणीविषयी लिहायचे आहे, कारण मूळ प्रश्न तोच होता.

ही अडचण यहुदी शास्त्र्यांनाही जाणवली होती. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमग्रंथात यावर निकाल आहे: अम्मोनी आणि मवाबी पुरुषांना कायमची मनाई, पण त्यांच्या स्त्रियांना तत्काळ मोकळीक. मूळ वाक्यात 'मवाबी' हा शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून स्त्रिया त्यात येत नाहीत, असा तर्क त्यामागे आहे. आपल्याकडच्या मीमांसकांना ही युक्ती ऐकून आनंद झाला असता. दावीदाचे सिंहासन एका लिंगप्रत्ययावर टिकले, असे मी वर्गात विद्यार्थ्यांना सांगत असे.

रूथच्या पुस्तकात मात्र असली खटपट नाही. बेथलेहेमच्या नामीचे मुलगे महलोन आणि खिल्योन मवाबी मुली करतात आणि पुढे मरतात. ते लग्नामुळे मेले असे नंतरच्या टीकाकारांनी म्हटले, कथाकार म्हणत नाही. नामी मवाबातून परत निघते, ओर्पा ही एक सून मागे फिरते, रूथ ही दुसरी तिच्याबरोबर येते. "तुमचे लोक ते माझे लोक आणि तुमचा देव तो माझा देव" या आशयाच्या तिच्या उद्गारांना पुढे धर्मांतराचा नमुना मानले गेले. पण मूळ प्रसंगात ना विधी आहे, ना पुरोहित. वाटेवर उभ्या असलेल्या दोन विधवा आहेत. आणि तिच्या बोलण्यात आधी 'लोक' आले आहेत, मग 'देव'. त्यानंतरही कथाकार तिला पुन्हा पुन्हा 'मवाबी रूथ' म्हणतो, अगदी सासरचा नातलग बवाज वेशीवर पंचांसमोर तिचा स्वीकार करतो तेव्हासुद्धा. हे पुस्तक एज्राला उत्तर म्हणून लिहिले गेले असे काही अभ्यासक मानतात, तर काही ते त्याहून जुने मानतात. मी दुसऱ्या बाजूला झुकते, कारण उत्तर देणारा माणूस इतका शांत आवाजात बोलत नाही.

एज्राच्याच काळातला एक लेखी पुरावाही आहे. नाईल नदीतील एलेफंटाईन बेटावर यहुदी शिपायांची वसाहत होती आणि तिथले आरामी भाषेतील कागद सापडले आहेत. त्यांत इ.स.पू. 449 चा एक विवाहकरार आहे: तिथल्या मंदिराचा सेवक अनन्या याने तामुत या मिसरी दासीशी लग्न केले. मंदिराचा सेवक असूनही! एज्रा यरुशलेमेत केस उपटत होता त्याच सुमारास.

आणखी एक गोष्ट आपल्या घरची. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांना, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या 'शनिवार तेल्यांना', स्वतंत्र इस्राएलमध्ये गेल्यावर हाच प्रश्न विचारला गेला. तुमच्या पूर्वजांत परक्यांशी लग्ने झाली नाहीत कशावरून, असे म्हणून तिथल्या काही धर्मगुरूंनी त्यांची लग्ने लावायला नकार दिला. बरेच आंदोलन झाल्यावर 1964 मध्ये त्यांना सर्व बाबतींत पूर्ण यहुदी मानले गेले. पण याच समाजात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता, आणि मिश्र विवाहांची संतती मानलेल्या 'काळ्यां'शी 'गोरे' सोयरीक करत नसत, हेही नमूद केले पाहिजे. मराठी बोलणाऱ्या माणसांनी एज्राचा दहावा अध्याय दोन्ही बाजूंनी अनुभवला आहे.

मिरजेचा वाचक

ताई, एक खुलासा. मुलीच्या चुलत्यांच्या मनात बहुधा नव्या करारातले प्रेषित पौलाचे करिंथकरांस दुसरे पत्र असावे, ज्याच्या सहाव्या अध्यायात विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड संबंध जोडू नका असे आहे. आमच्याकडे उपदेशात ते एज्राच्या जोडीला सांगतात. पण त्याच पौलाच्या पहिल्या पत्राचा सातवा अध्यायही त्यांना माहीत असणार. बायको विश्वास ठेवणारी नसली आणि ती नांदायला राजी असली, तर नवऱ्याने तिला सोडू नये, असे तिथे स्पष्ट आहे. हे एज्राच्या नेमके उलट आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'पवित्र बीज' आणि 'तुझ्या मुलाला फिरवतील' ही दोन कारणे वेगळी आहेत, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी दोन्ही एकच धरून चालले होते, आणि बहुधा चुलतेही तसेच धरून चालले आहेत. त्यांना मी दोन्ही अध्याय दाखवले. ते आपल्या मतावर ठाम आहेत, पण 'मोडायला लावली' हे शब्द त्यांनी त्यानंतर पुन्हा वापरलेले नाहीत.

आमच्या वडीलधाऱ्यांना मी रूथची कथा सांगितली, कारण त्यांना गोष्ट आवडते. ती पूर्ण ऐकून त्यांनी विचारले, "सासूचे पुढे काय झाले?" मी शेवटचा अध्याय वाचून दाखवला. रूथला मुलगा होतो, नामी त्याला उराशी धरते, आणि शेजारणी म्हणतात की तुला सात मुलांहून अधिक असलेल्या सुनेने याला जन्म दिला. पण लगेच पुढे त्याच शेजारणी बाळाचे नाव ठेवतात आणि म्हणतात, "नामीला मुलगा झाला." त्या अध्यायात रूथ स्वतः एकदाही बोलत नाही. प्रीतिसंगम ताईंना विचारते: शेजारणींनी तिला आपली मानली म्हणून हे असे लिहिले आहे, की मवाबी आईचे नाव बाजूला ठेवून बाळ सासूच्या खात्यावर मांडले आहे? मराठीत वाचताना मला दोन्ही अर्थ ऐकू येतात. इब्रीत त्यांपैकी एखादा अधिक स्पष्ट होतो का?